कानाला मागचं पान नसतं

वाचताना अडलं की डोळा आपोआप मागच्या ओळीवर जातो. ऐकताना ती सोय नाही. एक शब्द विरतो न विरतो तोच पुढचा येतो, आणि डोक्यात एका वेळी तीन-चार नव्या गोष्टीच मावतात. म्हणूनच धडा जसाच्या तसा माइकसमोर वाचून केलेला पॉडकास्ट दुसऱ्याच मिनिटाला हातातून निसटतो.

'शरीराच्या विविध भागांकडून आलेले ऑक्सिजनविरहित रक्त महाशिरांद्वारे उजव्या अलिंदात प्रवेश करते' हे कागदावर ठीक. कानासाठी ते फोडावं लागतं: 'अंगभर फिरून रक्त परत आलं. त्यातला काही ऑक्सिजन वापरून झालाय. आता ते हृदयाच्या उजव्या बाजूच्या वरच्या कप्प्यात शिरतं. या कप्प्याला म्हणतात अलिंद.' आधी चित्र, मग नाव. फळ्यासमोरची 'हे इथे बघा'ची सवयही सोडायला हवी.

आठ-दहा मिनिटांत एकच मुद्दा घ्या. मध्ये दोनदा प्रश्न विचारा आणि पाच सेकंद गप्प बसा. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या 2006 मधल्या प्रयोगात उतारा पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा तो आठवून लिहिणाऱ्यांच्या आठवड्यानंतर जास्त लक्षात राहिला होता; ते पाच सेकंद त्या आठवण्यासाठीच. पण ऐकायची काही ॲप ही शांतता फुकट गेलेली जागा समजून कापून टाकतात! तेव्हा तिथे घड्याळाची टिकटिक घाला, किंवा सरळ म्हणा, 'थांबवा, वहीत लिहा.'

रेकॉर्डिंगसाठी रिकामा वर्ग सगळ्यांत वाईट. उघड्या भिंतींवरून आवाज घुमतो, आणि तो घुमारा नंतर नीट काढता येत नाही. कपड्यांचं कपाट उघडून त्याच्यापुढे बसा, पंखा बंद करा. फोन तोंडापासून वीतभर अंतरावर, पण जरा बाजूला धरा. समोर धरला तर प, फ, भ म्हणताना सुटलेला वारा थेट माइकवर आदळतो आणि धप्प असा आवाज येतो. फाइल मोनो (दोन्ही कानांना एकच आवाज), 64 केबीपीएसची (सेकंदाला 64 किलोबिट) एमपी3 केली की 10 मिनिटं 5 एमबीच्या आत बसतात. नुसत्या बोलण्याला स्टिरिओ कशाला?

आकृती मात्र आवाजात मावत नाही. हृदयाचं चित्र एका पानावर आधीच हातात द्या आणि ऐकताना 'आता एक नंबरच्या कप्प्यावर बोट ठेवा' असं सांगा. चित्रात हृदयाची उजवी बाजू आपल्या डाव्या हाताला असते, हेही बोलून टाका. नाहीतर बोट भलत्याच कप्प्यावर जातं.