पाच मिलिमीटरचं भोक

1 एप्रिल 2020 पासून गाड्यांच्या धुराचे बीएस-6 हे नियम लागू झाले आणि नव्या दुचाक्यांमधून कार्बोरेटर, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा भाग, जवळपास हद्दपार झाला, त्याच्या जागी पेट्रोल फवारणारं फ्युएल इंजेक्शन आलं. त्यामुळे आज कॉलेजात असलेल्या बऱ्याच मुलांनी कार्बोरेटर कधी उघडून पाहिलेलाच नसतो. गेल्या पावसाळ्यात शेजारचा मुलगा स्वतः बनवलेलं 10 सीसीचं फोर-स्ट्रोक इंजिन घेऊन माझ्याकडे आला. कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर बसून त्याने पिस्टनपासून व्हॉल्व्हपर्यंत सगळं केलं होतं. काम देखणं होतं. स्पार्क येत होता, कॉम्प्रेशन हाताला जाणवत होतं, तरी इंजिन पेटत नव्हतं. इनटेकला, म्हणजे हवा आत जाण्याच्या वाटेवर, भंगारातला, 16 मिलिमीटर तोंडाचा मोटरसायकलचा कार्बोरेटर होता.

“मोठा घेतला काका, हवा जास्त जाईल.”

हा समज मी चांगल्या मेकॅनिकांच्या तोंडीही ऐकला आहे. इंजिन 10 सीसीचं असेल तर एका श्वासात ते फार तर 10 सीसीच हवा घेणार, तोंड कितीही मोठं असो. तोंडाच्या मापाने बदलतो तो हवेचा वेग, आणि पेट्रोल वर येतं ते त्या वेगाच्या जोरावर.

पिस्टन खाली गेला की आतला दाब कमी होतो. बाहेरच्या हवेचा दाब जास्त, म्हणून ती आत ढकलली जाते आणि वेग घेते. मिळालेला वेग म्हणजे खर्ची पडलेला दाब. बर्नुलीने 1738 मध्ये मांडलेला हिशेब तो हाच: दाबातली घट म्हणजे हवेची घनता गुणिले वेगाचा वर्ग, भागिले दोन. जेटचं, म्हणजे पेट्रोल येणाऱ्या बारीक नळीचं, तोंड या कमी दाबाच्या जागी उघडतं, तर खालच्या पेट्रोलवर बाहेरचा पूर्ण दाब असतो. म्हणून पेट्रोल जेटमधून वर ढकललं जातं. 1893 मध्ये हंगेरीत बांकी आणि चोंका यांनी, आणि जर्मनीत मायबाखने, फवाऱ्याचे कार्बोरेटर केले ते याच तत्त्वावर.

आता आकडे घालू. मिनिटाला 6000 फेरे म्हणजे एक सक्शन स्ट्रोक, म्हणजे हवा ओढणारी पिस्टनची खेप, 5 मिलिसेकंदांत संपतो. तेवढ्यात 10 सीसी हवा आत यायची, म्हणजे सेकंदाला 2 लिटर. भोक 5 मिलिमीटरचं असेल तर हवेचा वेग सेकंदाला सुमारे 100 मीटर होतो आणि दाब सुमारे 6,200 पास्कलने उतरतो. एवढ्या फरकावर पेट्रोल 85 सेंटिमीटर वर चढेल! भोक 16 मिलिमीटरचं केलं की वेग 10 मीटरवर येतो आणि दाबातली घट सुमारे 60 पास्कलवर. त्यावर पेट्रोल जेमतेम आठ मिलिमीटर चढतं. व्यास सव्वातीनपट वाढला आणि ओढ सुमारे शंभरपट घटली, कारण क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढतं आणि दाब वेगाच्या वर्गाने बदलतो. वर्गाचा वर्ग, म्हणजे चौथा घात. मला या चौथ्या घाताचं फार कौतुक आहे.

हेही पूर्ण वेगातलं झालं. ड्रिल लावून 600 फेऱ्यांनी फिरवलं की घट आणखी शंभरपट कमी होते. टेबलावर पडलेला वहीचा एक कागद टेबलावर जेवढा दाब देतो, साधारण तेवढीच उरते. मुलाचं इंजिन कोरडी हवा पीत होतं. स्लाइड, म्हणजे कार्बोरेटरमधली हवेची वाट लहान-मोठी करणारा सरकता भाग, जवळपास बंद करून वेग वाढवता येतो, पण मग मोटरसायकलचा जेट या इंजिनाला भलताच मोठा पडतो. 10 सीसी हवेचं वजन 12 मिलिग्रॅम. पेट्रोलला वजनाच्या 14.7 पट हवा लागते, म्हणजे दर स्ट्रोकला पेट्रोल साधारण एक घन मिलिमीटर, जेमतेम मोहरीच्या दाण्याएवढं. हल्लीच्या 20 टक्के इथेनॉलवाल्या पेट्रोलला किंचित जास्त लागतं, तेवढी जेटमधलं पेट्रोल कमी-जास्त करणारी सुई उघडायची.

पेट्रोलच्या नळीवर चुंबक बसवून मायलेज वाढवून देणारे अजूनही भेटतात. जेटमधून किती पेट्रोल यायचं हे दाबातला फरक आणि भोकाचं माप ठरवतात. त्यात चुंबकाचा काही संबंध नाही. ते पैसे नव्या गॅस्केटवर, म्हणजे जोडातून हवा गळू नये म्हणून बसवतात त्या पट्टीवर, घालवावेत.

आम्ही पितळेच्या गोल सळईत 5 मिलिमीटरचं भोक पाडून ते गुळगुळीत करायला रीमर फिरवला. जेटला दवाखान्यातल्या इंजेक्शनची सुई, टोक घासून सपाट केलेली. तिच्यात सरकायला शिवणाची सुई, बारीक आट्यांच्या स्क्रूला डाख देऊन बसवलेली. टाकीतली पेट्रोलची पातळी जेटच्या थोडी खाली ठेवली.

बसवताना कार्बोरेटर आणि हेड यांच्यामध्ये बॅकेलाइटचा, म्हणजे उष्णता अडवणाऱ्या कडक प्लास्टिकचा, तुकडा घातला, नाहीतर हेडच्या उष्णतेने पेट्रोल जेटच्या आधीच उकळतं आणि नळीत बुडबुडे धरतात. सुरू करताना तोंडावर बोट दाबून दोन फेरे दिले. हवेची वाट बंद झाली की पिस्टनची सगळी ओढ पेट्रोलवर येते. तिसऱ्या फेऱ्याला इंजिन पेटलं, पण आवाज चढ-उतार करत होता. जोडावर तेलाचा थेंब सोडला, तो आत ओढला गेला आणि क्षणभर आवाज स्थिर झाला. म्हणजे गळती तिथेच. गॅस्केट बदललं.

मग ते सलग चाललं. पाचेक मिनिटांत पितळेवर दव धरलं. हेड हात लावू देत नव्हतं आणि त्याच्यापासून बोटभर अंतरावर कार्बोरेटर गारठला होता. पेट्रोलचं बाष्प होताना ते हवेतली उष्णता घेतं. सगळंच्या सगळं उडालं तर हवा जवळपास 24 अंशांनी थंड होऊ शकते, आणि बाहेर तर पावसाळी दमट हवा होती. मुलगा त्या दवावरून पुन्हा पुन्हा बोट फिरवत होता.