विभाग कार्यालयातला नवा कागद : जिवंतपणीच्या इच्छापत्रामागचा इतिहास

मुंबई महापालिकेच्या विभाग कार्यालयात आरोग्य अधिकाऱ्यांच्या दालनाबाहेर लोक बहुधा जन्म-मृत्यूच्या दाखल्यांसाठी उभे असतात. याच अधिकाऱ्यांकडे आता आणखी एक कागद जमा करता येतो. 'बरे होण्याची आशा उरली नसेल आणि मला स्वतःला काही सांगता येत नसेल, तर केवळ यंत्रांच्या आधारावर मला जिवंत ठेवू नये', अशा आशयाचा, शुद्धीवर असताना सही करून ठेवलेला हा कागद म्हणजे जिवंतपणीचे इच्छापत्र, म्हणजेच आपण ज्याला लिव्हिंग विल म्हणतो ते. तो या दालनापर्यंत पोहोचायला चार दशके लागली आणि त्या प्रवासातले बरेचसे टप्पे मुंबईतच घडले.

या विषयावर मराठीत बोलताना पहिली अडचण शब्दाचीच येते. 'इच्छामरण' म्हटले की डोळ्यांपुढे भीष्म उभे राहतात, म्हणजे मृत्यूची वेळ स्वतः ठरवणारा माणूस. विषारी इंजेक्शन देऊन जीव घेणे आणि निरुपयोगी ठरलेले उपचार थांबवून आजाराला त्याच्या मार्गाने जाऊ देणे या दोन अगदी वेगळ्या गोष्टी असूनही आपण दोन्हींना एकच शब्द वापरतो. पहिली गोष्ट भारतात आजही गुन्हा आहे; इच्छापत्राचा संबंध फक्त दुसरीशी आहे. काही वर्षांपूर्वी गिरगावातील एका अपत्यहीन वृद्ध दांपत्याने, कोणताही गंभीर आजार नसताना, राष्ट्रपतींकडे मरणाची परवानगी मागितली, तेव्हा त्या बातमीवरही 'इच्छामरण' हेच शीर्षक होते. त्यांच्या मागणीचा इच्छापत्राच्या कायद्याशी काहीही संबंध नव्हता. वास्तविक आपल्याकडे 'प्रायोपवेशन' हा जुना शब्द आहे. १९६६ च्या फेब्रुवारीत दादरच्या राहत्या घरी सावरकरांनी आणि १९८२ च्या नोव्हेंबरमध्ये पवनारला विनोबांनी अन्न आणि औषध सोडले, तेव्हा समाजाने त्याकडे गुन्हा म्हणून पाहिले नाही. कायद्याकडे मात्र त्या काळी यासाठी आत्महत्येच्या प्रयत्नाचे कलम ३०९ तेवढे होते.

संघटित मागणीची सुरुवात १९८१ मध्ये झाली. माजी खासदार मिनू मसानी यांनी त्या वर्षी मुंबईत सन्मानाने मरण्याच्या हक्कासाठी एक संस्था स्थापन केली. १९८५ मध्ये प्रा. सदानंद वर्दे यांनी विधान परिषदेत, उपचार थांबवणाऱ्या डॉक्टरांना संरक्षण देणारे अशासकीय विधेयक मांडले, पण ते संमत झाले नाही. पुढच्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयात न्या. पी. बी. सावंत आणि न्या. कोळसे-पाटील यांच्या खंडपीठाने, मानसिक आजार जडलेल्या एका पोलीस शिपायाच्या खटल्यात, कलम ३०९ घटनाबाह्य ठरवले. १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हाच विचार उचलून धरला, परंतु १९९६ मध्ये ग्यान कौर खटल्यात पाच न्यायमूर्तींनी तो फिरवला. जगण्याच्या हक्कात मरण्याचा हक्क येत नाही, असे त्यांनी सांगितले. मात्र सन्मानाने जगण्याच्या हक्कात सन्मानाने येणारा नैसर्गिक शेवटही येतो, असेही त्याच निकालात नोंदवले गेले आणि पुढची सगळी इमारत याच वाक्यावर उभी राहिली.

त्यानंतरचा टप्पा परळच्या केईएम रुग्णालयातला आहे. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तेथील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर एका कर्मचाऱ्याने हल्ला केला. कुत्र्याच्या साखळीने गळा आवळल्यामुळे मेंदूला होणारा रक्तपुरवठा तुटला आणि त्यानंतर १८ मे २०१५ पर्यंत, म्हणजे एकेचाळीस वर्षांहून अधिक काळ, त्या त्याच रुग्णालयात राहिल्या. त्या व्हेंटिलेटरवर नव्हत्या, हे अनेकांच्या लक्षात नसते. त्या स्वतः श्वास घेत आणि परिचारिका मऊ करून भरवत ते अन्न कित्येक वर्षे तोंडाने घेत. मूळच्या सहकारी निवृत्त झाल्या, नव्या मुली नोकरीला लागल्या, त्यांनीही अरुणांना हल्ल्यापूर्वी कधी पाहिले-बोलले नसताना तीच सेवा पुढे चालवली. इतकी वर्षे अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला पाठीवर जखमा होऊ न देणे म्हणजे काय, हे ज्यांनी घरात एखादे म्हातारे माणूस सहा महिने सांभाळले आहे त्यांना वेगळे सांगायला नको.

लेखिका पिंकी विराणी यांनी अरुणांचे अन्न थांबवण्याची परवानगी मागितली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने टाटा रुग्णालयाचे डॉ. दिवातिया, हिंदुजाचे डॉ. गुरसहानी आणि शीवच्या रुग्णालयाचे डॉ. नीलेश शहा या मुंबईतल्याच तीन डॉक्टरांना तपासणीसाठी पाठवले. ७ मार्च २०११ रोजी न्या. मार्कंडेय काटजू आणि न्या. ग्यानसुधा मिश्रा यांनी मागणी फेटाळली. अरुणांच्या वतीने बोलण्याचा अधिकार त्यांची शुश्रूषा करणाऱ्या केईएमच्या कर्मचाऱ्यांचा आहे आणि त्यांना त्या जगायला हव्या आहेत, असे न्यायालयाने म्हटले. मात्र त्याच निकालात, उच्च न्यायालयाच्या परवानगीने उपचार थांबवता येतील, हे देशात प्रथमच मान्य झाले. माझ्या मते त्या प्रकरणातला खरा पेच परवानगीचा नव्हताच. अरुणांना स्वतःला काय हवे होते, हे कोणालाच ठाऊक नव्हते आणि ते कळण्याचा मार्गही उरला नव्हता. इच्छापत्राची गरज इतक्या स्पष्टपणे दुसऱ्या कोणत्याही प्रकरणाने दाखवलेली नाही.

ती गरज न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी मान्य केली. 'कॉमन कॉज' या संस्थेने २००५ मध्ये केलेल्या याचिकेवर पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने इच्छापत्राला कायदेशीर मान्यता दिली. पण त्याची कार्यपद्धती अशी होती की हक्क मिळूनही तो वापरणे जवळजवळ अशक्य होते. इच्छापत्रावर प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी लागे. वेळ आल्यावर आधी रुग्णालयाचे मंडळ, मग जिल्हाधिकाऱ्यांनी नेमलेले मंडळ निर्णय घेई आणि शेवटी न्यायदंडाधिकाऱ्यांनी स्वतः रुग्णाला भेटून अंमलबजावणीला मान्यता द्यावी लागे. अतिदक्षता विभागातल्या रुग्णाकडे एवढे दिवस नसतात.

त्यामुळे रुग्णालयांत जुनीच वाट चालू राहिली. ती वाट मी जवळून पाहिली आहे. माझ्या मामांनी, 'मला नळ्या लावून ठेवू नका रे', असे आम्हा सर्वांना अनेकदा सांगितले होते. उपनगरातल्या एका खासगी रुग्णालयात ते अकरा दिवस व्हेंटिलेटरवर होते. सुधारणा होणार नाही, हे डॉक्टर हळू आवाजात सांगत, पण यंत्र काढण्याचे नाव कोणी घेत नसे. बाराव्या दिवशी परिचारिकेने मामेभावापुढे छापील कागद ठेवला. वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध रुग्णाला घरी नेत आहोत, असे त्यावर लिहिले होते. रुग्णालयांत याला सरसकट 'डामा' म्हणतात. जे डॉक्टरांनाही योग्य वाटत होते, ते त्यांच्या सल्ल्याविरुद्ध केल्याचे लिहून देऊन, अंबू बॅग, म्हणजे हाताने श्वास देण्याची रबरी पिशवी, दाबत आम्ही मामांना रुग्णवाहिकेतून घरी आणले. सही करताना मामेभावाचा हात थरथरत होता आणि आपण काही गुन्हा केला का, हा प्रश्न त्याच्या मनातून आजही गेलेला नाही.

अतिदक्षता विभागांत काम करणाऱ्या डॉक्टरांच्या संघटनेने हीच अडचण न्यायालयापुढे मांडली आणि २४ जानेवारी २०२३ रोजी न्या. के. एम. जोसेफ यांच्या अध्यक्षतेखालील घटनापीठाने नियम सोपे केले. आता दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यांकडून साक्षांकन पुरते. आपल्या वतीने निर्णय घेण्यासाठी एकापेक्षा अधिक जवळच्या माणसांची नावे देता येतात. उपचार करणारे डॉक्टर आणि किमान पाच वर्षांचा अनुभव असलेले दोन तज्ज्ञ यांचे पहिले मंडळ शक्यतो ४८ तासांत मत देते. मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी सुचवलेल्या डॉक्टरांचा समावेश असलेले दुसरे मंडळ ते तपासते. न्यायदंडाधिकाऱ्यांना अंमलबजावणीपूर्वी कळवावे लागते, पण त्यांच्या भेटीची वाट पाहावी लागत नाही. मंडळांनी परवानगी नाकारली तर उच्च न्यायालयाचा दरवाजा खुला आहे. इच्छापत्र केलेले नसेल, तरीही नातेवाइकांच्या संमतीने याच मंडळांकडून निर्णय होऊ शकतो.

याच निकालानुसार इच्छापत्राची एक प्रत स्थानिक स्वराज्य संस्थेच्या सक्षम अधिकाऱ्याकडे द्यायची आहे आणि ती जपून ठेवण्यासाठी त्या अधिकाऱ्याने अभिरक्षक नेमायचा आहे. प्रत्यक्षात कोणत्या खिडकीवर जायचे, हे कोणालाच सांगता येत नव्हते. मुंबईतील स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. निखिल दातार यांनी स्वतःचे इच्छापत्र तयार केले, महापालिकेकडे पाठपुरावा केला आणि पुढे मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. २०२४ मध्ये राज्यभरात चारशेच्या आसपास अभिरक्षक नेमल्याचे शासनाने न्यायालयात सांगितले. त्याच वर्षी गोव्यात उच्च न्यायालयाचे न्या. महेश सोनक यांनी आपले इच्छापत्र नोंदवले. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने जीवरक्षक उपचार थांबवण्याबाबतच्या मार्गदर्शक तत्त्वांचा मसुदाही २०२४ मध्येच हरकतींसाठी खुला केला.

संसदेने या विषयावर अजून स्वतंत्र कायदा केलेला नाही, विधी आयोगाने २००६ आणि २०१२ मध्ये अहवाल देऊनही. जे काही आहे ते न्यायालयाच्या निर्देशांवर उभे आहे, म्हणून त्याचा भार शेवटी विभाग कार्यालयातल्या एखाद्या कपाटावर येतो. मुलुंडच्या माणसाचा कागद तिथल्या कार्यालयात असेल आणि त्याला रात्री दोन वाजता ठाण्याच्या रुग्णालयात दाखल केले असेल, तर त्या डॉक्टरांना तो कागद कपाटातून दिसत नाही. तो दिसतो, तो नातेवाइकाने पिशवीतून काढून समोर धरला तरच. निकालाने एक प्रत कुटुंबाच्या डॉक्टरांकडे द्यायला सांगितली आहे, ती यासाठीच. दुसरी मी आईच्या औषधांच्या डब्यात, रक्तदाबाच्या गोळ्यांखाली ठेवली आहे. घरातल्या कोणालाही अंधारातसुद्धा तो डबा सापडतो.