‘फायनान्शियल अ‍ॅडव्हायजर’ म्हणून निवड झाली. पण नोकरी लागली का?

नाशिकहून भाचीचा फोन आला. “मामा, सिलेक्शन झालं! फायनान्शियल अ‍ॅडव्हायजर!” बी. कॉम. होऊन आठ महिने घरी बसलेली मुलगी, आवाजात आनंद मावत नव्हता. मी पगार विचारला. “पगार असा ठरलेला नाही, पण महिन्याला चाळीस हजार सहज सुटतील असं सर म्हणाले. आधी एक परीक्षा द्यायचीय, आणि ओळखीच्या शंभर माणसांची यादी करून न्यायचीय.”

यादी म्हटल्यावर मला सगळा उलगडा झाला. आयुर्विम्याच्या धंद्यात एजन्सी मॅनेजर म्हणून मी नऊ वर्षं अशाच याद्या मागितल्या आहेत.

आपल्याकडे या एकाच नावाखाली दोन अगदी वेगळी कामं चालतात. एक विमा एजंटचं, दुसरं सेबीकडे, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी नियामक संस्थेकडे, नोंदणी झालेल्या गुंतवणूक सल्लागाराचं. जाहिरातीत दोन्ही सारखीच दिसतात. आत शिरण्याची वाट मात्र पार निराळी आहे.

एजंटची वाट सोपी आहे. दहावी पास, पॅन, आधार, २५ तासांचं प्रशिक्षण आणि आयसी-३८ ही परीक्षा. तासाभरात ५० प्रश्न, ३५ टक्क्यांना पास. मग कंपनी नेमणुकीचं पत्र देते. ते पत्र नीट वाचावं. त्यात पगाराचा आकडा नसतो, पीएफ नसतो. तुम्ही कंपनीचे नोकर नसता, एजंट असता. विकलेल्या पॉलिसीच्या हप्त्यातून कमिशन मिळतं, आणि आयुर्विम्यात एका वेळी एकाच कंपनीचं काम करता येतं.

आता मुलाखतीबद्दल. समोर बसलेला मॅनेजर पगारी असतो, आणि वर्षभरात इतके नवे एजंट उभे करायचे हे त्याचं टार्गेट असतं. त्यामुळे नापास जवळजवळ कुणी होत नाही. मी यादीचा छापील फॉर्म पुढे सरकवायचो: नाव, नातं, वय, नोकरी, मुलं किती. उमेदवार लिहीत असताना माझी नजर ‘नोकरी’च्या रकान्यावर असायची. शिक्षक, बँकवाले, सरकारी नोकर दिसले की मनात टिकमार्क व्हायची. याला ऑफिसात ‘नॅचरल मार्केट’ म्हणतात. निवड मुलाच्या हुशारीची होत नव्हती, त्याच्या काका-मावशांची होत होती. सहा-सात महिन्यांत यादी संपायची, मुलगा फोन उचलेनासा व्हायचा, आणि मावशीची पॉलिसी दुसऱ्या हप्त्यालाच बंद पडायची. ते चेहरे मला अजून आठवतात.

एजंटचं काम वाईट आहे असं मी मुळीच म्हणणार नाही. एकट्या एलआयसीचे तेरा लाखांहून अधिक एजंट आहेत. घरातला कर्ता गेल्यावर क्लेमच्या कागदांसाठी त्या घरच्यांबरोबर हेलपाटे घालणारे एजंट मी पाहिलेत; त्यांच्याइतकं मोलाचं काम थोडेच लोक करतात. जुन्या पॉलिसींचं नूतनीकरणाचं कमिशन दर वर्षी येत राहतं, चिकाटी असेल तर दहा वर्षांत चांगला व्यवसाय उभा राहतो. पण तो व्यवसाय आहे. ज्या घरात पुढच्या महिन्याचं भाडं पगारातून द्यायचंय, तिथल्या पोराला तो नोकरी म्हणून सांगणं हा अन्याय आहे. आणि “कमिशनमधले किती परत देशील?” हा नातेवाइकांचा पहिला प्रश्न ठरलेला. विमा कायदा, १९३८च्या कलम ४१ने अशी सूट द्यायला बंदी आहे, दंड १० लाखांपर्यंत होऊ शकतो. हेही मुलाखतीत आपणहून कुणी सांगत नाही.

दुसरं काम गुंतवणूक सल्लागाराचं. त्याचे नियम सेबीने २०१३ साली आणले. इथे पैसे देतो तो ग्राहक, फी म्हणून. ज्याला सल्ला दिला त्याच्याच गुंतवणुकीवर कमिशन घेता येत नाही. फीलाही मर्यादा आहे: ठरावीक फी असेल तर एका कुटुंबामागे वर्षाला १.५१ लाख रुपये. एनआयएसएमच्या, म्हणजे आपल्या रायगड जिल्ह्यात पाताळगंगेला असलेल्या सेबीच्याच शिक्षणसंस्थेच्या, एक्स-ए आणि एक्स-बी अशा दोन परीक्षा द्याव्या लागतात. पासाला ६० टक्के लागतात आणि चुकीच्या उत्तराला गुण कापतात. पूर्वी पदव्युत्तर शिक्षण आणि पाच वर्षांचा अनुभवही लागायचा. डिसेंबर २०२४मध्ये सेबीने अनुभवाची अट काढली आणि पदवी पुरेशी ठरवली.

नव्या मुलांसाठी इथली खरी वाट म्हणजे अशा सल्लागार फर्ममध्ये नोकरी. ग्राहकाला सल्ला द्यायचा तर नोकरदारालाही दोन्ही परीक्षा लागतात. तोवर आकडेमोड, कागदपत्रं, आराखडे तयार करणं. जागा कमी, सुरुवातीचा पगारही बेताचाच. पण तो पगार असतो. अशा एका मुलाखतीला मी बसलो होतो. उमेदवारापुढे एका जोडप्याचा कागद ठेवला: वय ३४, घरकर्जाचा हप्ता, एक मूल, आईवडील अवलंबून, विमा नाही. “सुरुवात कुठून कराल?” एवढंच विचारलं. उमेदवाराच्या स्वतःच्या नातेवाइकांबद्दल एक शब्दही नाही.

या दोन्हींच्या मध्ये म्युच्युअल फंड वितरक असतो. त्याच्याकडे एआरएन, म्हणजे फंड विकण्यासाठीचा नोंदणी क्रमांक, असतो आणि कमिशन फंड कंपनीकडून येतं. सेबीकडे सल्लागार म्हणून नोंदणी नसेल तर त्याने ‘वेल्थ अ‍ॅडव्हायजर’सारखी बिरुदं लावू नयेत, असं सेबीने २०२०मध्ये बजावलंय. सल्लागाराचा क्रमांक ‘आयएनए’ या अक्षरांनी सुरू होतो आणि सेबीच्या संकेतस्थळावर तपासता येतो.

भाचीला मी जाऊ नको म्हटलं नाही. एवढंच सांगितलं, की सरांना विचार: माझ्या खात्यात पहिला रुपया कोण टाकणार, आणि एकही पॉलिसी विकली नाही तर त्या महिन्यात किती टाकणार?

संध्याकाळी तिचा मेसेज आला. दुसऱ्या प्रश्नावर सर हसले, म्हणाले, “असा विचारच करायचा नाही.” यादीत तिने बावीस नावं लिहिली होती, पहिलं तिच्या आजीचं. तो कागद तिने स्वतःकडेच ठेवला, आणि एक्स-एचं पुस्तक कुठे मिळेल असं विचारलं.