कागद संपतो, शीट संपत नाही

प्रिंट काढावी, तर सगळे कॉलम पहिल्या पानावर येतात आणि नेमका 'एकूण'चा कॉलम तेवढा दुसऱ्या पानावर एकटाच जाऊन बसतो. असं पान चुरगाळून टाकलं नाही, असा स्प्रेडशीट वापरणारा माणूस सापडणं कठीण. प्रिंट एरिया (शीटचा नेमका कोणता भाग छापायचा ते ठरवणं), फिट टू पेज (सगळं एका पानात बसवणं), प्रत्येक पानावर शीर्षकाची ओळ या सगळ्या सोयी त्याच चुरगाळलेल्या पानामुळे जन्माला आल्या.

स्प्रेडशीट हा शब्द मुळात हिशेबनिसांचा. वहीच्या समोरासमोरच्या दोन्ही पानांवर पसरलेलं रुंद कोष्टक म्हणजे स्प्रेडशीट. त्याला कडा होती. १९७९ मध्ये डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांचा व्हिजिकॅल्क हा संगणकावरचा स्प्रेडशीट प्रोग्रॅम ॲपल टू संगणकावर आला आणि ती कडाच नाहीशी झाली. ६३ कॉलम, २५४ ओळी, आणि त्यातला जेमतेम एक तुकडा दाखवणारा पडदा.

व्हिजिकॅल्कची फाइल मोठी गमतीची होती. अमुक सेलवर (म्हणजे चौकोनावर) जा, हे लिही, अशा आज्ञांची ती यादी असायची. म्हणजे कुणीतरी कीबोर्डवर बसून सगळं पुन्हा टाइप करतंय असंच. यादीची सुरुवात उजव्या खालच्या कोपऱ्यातून व्हायची. शेवटचा सेल आधी आला की शीट केवढी आहे ते लगेच कळे आणि तुटपुंज्या मेमरीत तेवढी जागा एकदाच अडवून ठेवता येई.

जानेवारी १९८३ मध्ये लोटस १-२-३ हा दुसरा स्प्रेडशीट प्रोग्रॅम बाजारात आला, आणि छपाईचा खरा छळ सुरू झाला तो तिथून. प्रिंटरला 'अक्षर बारीक कर' असं सांगायचं, तर सेटअप स्ट्रिंगच्या (प्रिंटरला द्यायच्या सांकेतिक आज्ञेच्या) रकान्यात \०१५ असा संकेत भरावा लागे. एप्सनच्या डॉट मॅट्रिक्सला तो कळायचा, दुसऱ्या प्रिंटरला कळेलच याचा भरवसा नाही. आलेख छापायचा असेल तर प्रिंटग्राफ नावाचा वेगळाच प्रोग्रॅम चालवायचा. एवढं करूनही रुंद कोष्टक कागदात मावेना, तेव्हा साइडवेज नावाचं सॉफ्टवेअर विकायला आलं. त्याचं काम एकच: कोष्टक ९० अंशांत फिरवून सलग कागदावर आडवं छापायचं. आज लँडस्केपवर एक क्लिक केली की जे होतं, त्यासाठी लोक तेव्हा वेगळे पैसे मोजत.

एक्सेल १९८५ मध्ये मॅकिंटॉशवर आणि १९८७ मध्ये विंडोजवर आलं. कागदावर काय उमटणार ते पडद्यावरच दिसू लागलं, तेव्हा निम्मा त्रास मिटला. बाकीचा निम्मा अजून आहेच. एक्सेलमध्ये प्रिंट एरिया ठरवा आणि नेम मॅनेजर (नावं दिलेल्या सेलसमूहांची यादी) उघडून पाहा. तिथे 'प्रिंट_एरिया' नावाची एक रेंज, म्हणजे सेलचा गट, तयार झालेली दिसेल. शीटला कागदाचं भान नाही, म्हणून आपल्यालाच तिच्यावर अशी चौकट आखून द्यावी लागते.

टेम्प्लेटची कहाणी वेगळी. सुरुवातीला टेम्प्लेट म्हणजे सूत्रं भरून ठेवलेली, आकडे नसलेली एक साधी फाइल. ती उघडायची, आकडे भरायचे आणि नव्या नावाने सेव्ह करायची. नवं नाव द्यायला विसरलात की मूळ कोरी फाइल गेलीच! मी स्वतः हा पराक्रम दोनदा केलाय. उपाय तसा साधाच निघाला. टेम्प्लेटला वेगळं एक्स्टेन्शन (फाइलच्या नावामागचं शेपूट) दिलं. त्यावर डबल क्लिक केलं की मूळ फाइलऐवजी तिची बिननावाची प्रत उघडते आणि सेव्ह करताना नाव द्यावंच लागतं. माझ्या मते या सगळ्या इतिहासातली ही सर्वांत शहाणी युक्ती आहे.

फाइलचा साचाही मधल्या काळात बदलला. एक्सेल ५ पासून (१९९३) एका फाइलमध्ये अनेक शीट मावू लागल्या. ओपनडॉक्युमेंट हा खुला फाइल-साचा २००६ मध्ये आयएसओचं, म्हणजे आंतरराष्ट्रीय, मानक झाला. एक्सेल २००७ ने जुन्या एक्सएलएस फाइलच्या जागी एक्सएलएसएक्स आणलं. ही फाइल म्हणजे खरं तर झिप केलेलं (दाबून लहान केलेलं) एक्सएमएलचं, म्हणजे खुणा लावलेल्या साध्या मजकुराचं, गाठोडं. जुन्या एक्सएलएसमध्ये ६५,५३६ ओळी मावत, नव्यात १०,४८,५७६. जुनं एक्स्टेन्शन मात्र लोकांच्या हातातून सुटलं नाही.

त्याचा फटका २०२० मध्ये इंग्लंडमध्ये बसला. प्रयोगशाळांकडून आलेले कोविड चाचण्यांचे निकाल आपोआप एक्सएलएस टेम्प्लेटमध्ये ओतले जात होते. एकेका रुग्णाच्या अनेक ओळी, त्यामुळे टेम्प्लेट भराभर भरलं आणि पुढच्या ओळी निमूटपणे गळून पडल्या. २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या काळातले १५,८४१ रुग्ण रोजच्या आकड्यांत आलेच नाहीत, आणि त्यांच्या संपर्कातल्या लोकांना शोधायलाही उशीर झाला. तातडीचा उपाय म्हणून माहितीचे लहान तुकडे केले गेले आणि टेम्प्लेटांची संख्या वाढवली गेली.