विहिरीतल्या गारगोट्या आणि पाण्यात उतरलेली अँटिबायोटिक

आमच्या अंबाजोगाईकडं विहीर खोदताना सुरुंग उडवला की काळ्या दगडाच्या पोकळीतून पांढरे, कधी गुलाबीसर, चमकणारे खडे निघतात, लोक सगळ्यालाच गारगोटी म्हणतात. चुलत्यांच्या विहिरीत असाच एक दगड फुटला होता, आत बारीक सुयांचा गुच्छ खोचून ठेवल्यासारखे पांढरे काटे, काकूनं तो धुऊन तुळशीपाशी ठेवला आणि अजून तिथंच आहे. एमएस्सीला गेल्यावर कळलं की यातले बरेचसे खडे म्हणजे झिओलाइट.

1756 साली क्रोनस्टेट नावाच्या स्वीडिश माणसानं असा एक खडा तापवला तर त्यातून पाण्याचे बुडबुडे निघायला लागले, म्हणून ग्रीक शब्द जोडून नाव दिलं झिओलाइट, म्हणजे उकळणारा दगड. दगड दिसतो टणक पण आतून पोकळ असतो, सिलिकॉन, अ‍ॅल्युमिनियम आणि ऑक्सिजनचा पिंजराच, ज्याच्या बोळांत पाणी आणि सोडियम, कॅल्शियम सैल बसलेले असतात, दुसरं कुणी आलं की जागा देतात. 2021 ला कोरोनात दवाखान्यांमध्ये हवेतून ऑक्सिजन काढणारे प्लांट बसवले ना, त्यांच्या टाक्यांत झिओलाइटचेच मणी असतात, ते नायट्रोजन धरून ठेवतात आणि साधारण 93 टक्के शुद्ध ऑक्सिजन पुढं जातो.

आता पाण्याचं, म्हणजे त्यात उतरलेलं औषध असा दगड धरेल का याचं. सिप्रोफ्लॉक्सासिन (सिप्रो) या अँटिबायोटिकची 500 मिलिग्रॅमची गोळी घेतली तर त्यातलं जवळपास निम्मं औषध जसंच्या तसं लघवीतून बाहेर पडतं, अ‍ॅमॉक्सिसिलिनचं तर त्याहून जास्त. तिथून संडास, नाली, ओढा, नदी. गाईला दगडी (कासेचा आजार) झाली की एन्रोफ्लॉक्सासिनचं इंजेक्शन देतात, त्याचंही जनावराच्या अंगात काही प्रमाणात सिप्रोच होतं, मग ते शेणामुतातून उकिरड्यावर आणि शेतात. आपले सांडपाण्याचे प्लांट मुळात घाण आणि गाळ काढायला बांधलेले, विरघळलेलं औषध धरायला नाहीत. पण सगळ्यात भयानक प्रकार सापडला तो उमरग्यावरून हैदराबादला जाताना लागणाऱ्या पाटणचेरूला, औषध कारखान्यांचं पाणी जिथं साफ होतं त्या प्लांटमधून बाहेर पडणाऱ्या पाण्यात. 2007 मध्ये छापून आलेल्या तपासणीत लिटरला 31 मिलिग्रॅमपर्यंत सिप्रो निघालं, म्हणजे सोळा लिटर पाण्यात एक अख्खी गोळी! औषध चालू असलेल्या पेशंटच्या रक्तातही एवढं नसतं. अशा पाण्यात जे जंतू तगतात ते औषधाला दाद न देणारे, आणि 2019 मध्ये जगात अशा जंतूंमुळं थेट 12 लाख 70 हजार माणसं गेल्याचा अंदाज आहे.

मग काकूचा दगड पाण्यात टाकला तर? नाही जमणार, आणि त्याचं कारण मला फार आवडतं, कारण ते निव्वळ मापाचं आहे. नैसर्गिक झिओलाइटची दारं साधारण अर्ध्या नॅनोमीटरच्या (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) आसपास, सुयांच्या जातीची तर अजून बारीक, आणि सिप्रोचा रेणू एक नॅनोमीटरपेक्षा लांब. पोतं दारात अडकतं तसं औषध बाहेरच राहतं, फक्त वरच्या पृष्ठभागावर थोडंफार चिकटतं. म्हणून शास्त्रज्ञ मोठ्या दारांचे झिओलाइट लॅबमध्ये बनवतात, त्यातल्या वाय नावाच्या प्रकारात अ‍ॅल्युमिनियम कमी केलं तर सल्फा गटातली अँटिबायोटिकं बरोबर आत जाऊन बसतात. 1992 ला तर एमसीएम-41 नावाची सिलिका (सिलिकॉन आणि ऑक्सिजनचा पदार्थ) आली, तिची भोकं दोन नॅनोमीटरच्या पुढची.

पण माझं लक्ष राहतं ते आपल्या काळ्या मातीवर. हिच्यात माँटमोरिलोनाइट नावाचं खनिज भरपूर असतं, पोळीच्या पदरासारखे अतिशय पातळ थर, पाणी मिळालं की पदर सुटतात नि माती फुगते, उन्हाळ्यात आवळतात आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. या थरांवर ऋण भार असतो, आणि पाणी थोडं आंबट असलं की सिप्रोच्या रेणूवर धन भार येतो, मग तो थेट दोन पदरांच्या मधे शिरतो, एक्स-रे लावून बघितलं तर पदरांमधलं अंतर वाढलेलं दिसतं. टेट्रासायक्लिन नावाचं दुसरं अँटिबायोटिकही असंच शिरतं.

अडचण पुढं आहे. आपल्या बोअरचं पाणी जड, कॅल्शियम-मॅग्नेशियमनं भरलेलं, वर आंबट नाही तर उलट अल्कधर्मी बाजूचं. मातीतल्या जागा आधीच कॅल्शियम अडवून बसतो आणि औषधाचा धन भारही कमी होतो, म्हणून लॅबच्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये माती किती औषध धरते याचा छान आकडा लातूरच्या पाण्यात तसाच येईल असं धरून चालणं मला चुकीचं वाटतं. दुसरं म्हणजे धरणं वेगळं आणि नष्ट करणं वेगळं, औषध मातीत तसंच असतं, खनिज भरलं की ते तापवून जाळावं लागतं नाहीतर मिठाच्या पाण्यानं धुवावं लागतं, आणि त्या धुतलेल्या पाण्याचं काय करायचं हा प्रश्न उरतोच. शिवाय नुसती काळी माती फिल्टरमध्ये भरली तर चिखल होऊन पाणीच तुंबतं, तिच्या गोळ्या करून भाजाव्या लागतात, आणि जास्त भाजलं की पदर कायमचे मिटतात.

म्हणून हे घरच्या नळाला लावायचं काम नाही. दवाखान्याची, कारखान्याची, कोंबड्यांच्या शेडची नाली जिथं बाहेर पडते तिथंच, गावच्या पाण्यात मिसळायच्या आधी, औषध घट्ट असतानाच धरायला पाहिजे.

बीएस्सीच्या पोरांना प्रोजेक्टला मी हेच सुचवतो. दोन बाटल्या घ्यायच्या, एकीत डिस्टिल्ड वॉटर आणि दुसरीत आपल्या बोअरचं, दोन्हीत सारखंच सिप्रो आणि शेतातली चाळलेली काळी माती, रात्रभर हलवायच्या, गाळायच्या आणि पाण्यात किती सिप्रो उरलं ते कॉलेजच्या यूव्ही मशीनवर (पदार्थ किती अतिनील प्रकाश शोषतो ते दाखवणारं) 275 नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपास मोजायचं. मातीचाही थोडा रंग पाण्यात उतरतो, म्हणून औषध न घातलेल्या बाटल्या सोबत लावायला विसरायचं नाही.