मोसादेघ वाचले, फातेमी का नाही?

ऑगस्ट 1953 मध्ये इराणमधलं मोहम्मद मोसादेघ यांचं सरकार उलथवलं गेलं. नंतरच्या लष्करी खटल्यात खुद्द पंतप्रधानांना तीन वर्षांची एकांतवासाची कैद झाली. त्यांचे सहकारी कमीजास्त काळ तुरुंगात बसून बाहेर आले. गोळ्या घातल्या गेल्या त्या मंत्रिमंडळातल्या एकाच माणसाला, परराष्ट्रमंत्री डॉ. हुसेन फातेमी यांना. वय पस्तिशीच्या थोडं पुढे. मुख्य आरोपीला तीन वर्षं आणि त्याच्या मंत्र्याला मृत्युदंड, हा हिशेब का जुळत नाही हे समजायचं तर फातेमी मुळात मंत्री नव्हते, पत्रकार होते, इथून सुरुवात करावी लागते.

इस्फहान प्रांतातलं नाईन हे त्यांचं गाव. वडील धर्मपंडित. थोरला भाऊ इस्फहानमधून ‘बाख्तर’ नावाचं वर्तमानपत्र चालवायचा. हुसेन यांनी लेखणी धरली ती तिथेच. महायुद्ध संपल्यावर ते पॅरिसला गेले, डॉक्टरेट घेऊन परतले आणि 1949 मध्ये तेहरानात स्वतःचं सायंदैनिक काढलं, ‘बाख्तर-ए-एमरूझ’. या एमरूझमधला ‘रूझ’ म्हणजेच आपला ‘रोज’. या गोष्टीत आपल्या ओळखीचे शब्द पुढेही भेटतील: दरबार, फर्मान.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये निवडणुकीतल्या गैरप्रकारांविरुद्ध मोसादेघ आणि वीसेक जण इराणच्या राजाच्या, म्हणजे शहाच्या, राजवाड्याच्या आवारात ठाण मांडून बसले. याला इराणमध्ये ‘बस्त’ म्हणतात. आपल्याकडच्या धरण्याचाच भाऊ. फातेमी त्यात होते. त्यातूनच ‘राष्ट्रीय आघाडी’ उभी राहिली आणि फातेमींचं वर्तमानपत्र तिचा आवाज झालं.

आघाडीचा मुद्दा होता तेल. विल्यम नॉक्स डार्सी या ब्रिटिश भांडवलदाराने 1901 मध्ये साठ वर्षांचा मक्ता मिळवला होता. इराणला निव्वळ नफ्यातले 16 टक्के. 1908 मध्ये मस्जिद सुलेमानला तेल लागलं आणि 1914 मध्ये ब्रिटिश सरकारनेच हे तेल काढणाऱ्या अँग्लो-पर्शियन कंपनीचे बहुसंख्य समभाग विकत घेतले. 1933 मध्ये करार नव्याने झाला, पण दुखणं तेच राहिलं. कंपनी लंडनला कर म्हणून जेवढं भरायची, त्याहून कमी रक्कम ज्याच्या जमिनीतून तेल निघत होतं त्या देशाला मिळायची, आणि हिशेबाच्या वह्या तपासायची मुभा इराणला नव्हती. आबादानची रिफायनरी तेव्हा जगातली सर्वांत मोठी. तिथल्या कारागिरांत आणि कारकुनांत हिंदुस्थानी माणसंही बरीच होती. कंपनी त्यांची भरती मुंबईमार्गे करायची. 1922 मध्ये याच हिंदुस्थानी कामगारांनी आबादानला संप केला होता. इराणी तेलाच्या लढ्यातलं हे पान आपल्याकडे फारसं कुणाला आठवत नाही.

1950 संपता संपता सौदी अरेबियाने अमेरिकी कंपन्यांकडून निम्मा वाटा पदरात पाडून घेतला, आणि इराणला जुन्या करारात डागडुजी करून गप्प बसवणं अशक्य झालं. तेलाचं राष्ट्रीयीकरणच करावं ही कल्पना आघाडीच्या बैठकीत पहिल्यांदा फातेमींनी मांडली, असं मोसादेघांनी पुढे स्वतः लिहून दिलं आहे. नेता आपल्या सर्वांत मोठ्या निर्णयाचं श्रेय धाकट्या सहकाऱ्याला लेखी देतो, हे कुठल्याही राजकारणात विरळच. मार्च 1951 मध्ये कायदा झाला, एप्रिलअखेर मोसादेघ पंतप्रधान झाले. फातेमी त्यांचे सहायक आणि सरकारचे प्रवक्ते. ऑक्टोबरात शेवटचे ब्रिटिश कर्मचारी आबादान सोडून गेले. ब्रिटनने इराणी तेलाची कोंडी केली.

शत्रू फक्त लंडनमध्ये नव्हते. 15 फेब्रुवारी 1952 रोजी फातेमी तेहरानच्या उत्तरेला एका कबरस्तानात बोलायला उभे राहिले. मोहम्मद मसूद या पत्रकाराची चार वर्षांपूर्वी हत्या झाली होती, त्याचा स्मृतिदिन होता. भाषण चालू असताना गर्दीतल्या एका पोराने पिस्तूल काढून त्यांच्या पोटावर गोळी झाडली. पोरगा साधारण पंधरा वर्षांचा, ‘फिदाईन-ए-इस्लाम’ या कट्टर संघटनेचा. आदल्या वर्षी पंतप्रधान रझमारा यांना मारणारी संघटना हीच. तिचा म्होरक्या नव्वाब सफवी मोसादेघांच्या राजवटीत तुरुंगात होता आणि मोसादेघांनी आपल्याला फसवलं असं तिचं म्हणणं होतं. फातेमी वाचले, पण ती जखम त्यांना शेवटपर्यंत पुरली.

ऑक्टोबर 1952 मध्ये ते परराष्ट्रमंत्री झाले आणि त्याच महिन्यात इराणने ब्रिटनशी राजनैतिक संबंध तोडले. ब्रिटिश वकिलात हा सरकारविरोधी कारस्थानांचा अड्डा झाला होता, हा आरोप खोटा नव्हता. पण परिणाम उलटा झाला. तेहरानात पाय ठेवायला जागा उरली नाही तेव्हा ब्रिटिश गुप्तहेर खातं आपली माणसं आणि आपला बेत घेऊन अमेरिकेच्या दारी गेलं. ट्रुमन यांचं सरकार जायच्या वाटेवर होतं. जानेवारी 1953 मध्ये आलेल्या आयझेनहॉवर यांच्या सरकारला इराण कम्युनिस्टांच्या हाती जाण्याची भीती दाखवणं सोपं गेलं. वकिलात उघडी राहिली असती तर उठाव टळला असता असं मी म्हणणार नाही. पण त्याची सूत्रं सीआयए या अमेरिकी गुप्तहेर खात्याच्या हाती जाण्याला ही बंद झालेली वकिलात कारण झाली, एवढं नक्की.

आता ते ऑगस्टचे दिवस. 15 तारखेच्या रात्री शाही रक्षक दलाची माणसं फातेमींच्या घरी आली आणि आणखी दोन सहकाऱ्यांसह त्यांना धरून घेऊन गेली. त्याच रात्री कर्नल नसिरी मोसादेघांच्या दाराशी शहाचं फर्मान घेऊन पोचला: तुम्ही बडतर्फ. मोसादेघांना आधीच कुणकुण लागली होती. फर्मान आणणाराच गजाआड गेला. पहाटेपर्यंत डाव फसला आणि फातेमी सुटले. कॅस्पियन किनाऱ्यावर वाट पाहत बसलेला शहा स्वतः विमान चालवत बगदादला पळाला, तिथून रोमला.

ज्या माणसाला रात्री घरातून उचलून नेलं होतं, त्याने सकाळी काय करावं? फातेमी लिहायला बसले. पुढचे तीन दिवस ‘बाख्तर-ए-एमरूझ’चे अग्रलेख शहावर आणि दरबारावर तुटून पडत होते. आजवर इराणमध्ये टीका व्हायची ती दरबाऱ्यांवर, फार तर शहाच्या बहिणीवर. गादीवरच्या माणसाला नाव घेऊन पळपुटा आणि परक्यांचा हस्तक म्हणणं ही नवी गोष्ट होती. 16 तारखेला संसदेसमोरच्या बहारेस्तान चौकातल्या सभेत फातेमींनी तेच जाहीरपणे सांगितलं. परराष्ट्रमंत्री म्हणून परदेशातल्या इराणी वकिलातींना त्यांनी कळवलं की शहाच्या स्वागताला जाऊ नका. राजेशाही नको, प्रजासत्ताक हवं, हे मंत्रिमंडळात उघडपणे बोलणारे तेच. मोसादेघ मात्र तिथवर यायला तयार नव्हते. शहाने राज्यघटनेच्या चौकटीत राहावं एवढंच त्यांचं मागणं होतं आणि सिंहासनाला हात न लावण्याची शपथ त्यांनी घेतली होती. एकाच सरकारचे दोन आवाज ऐकू येत होते, आणि विरोधकांना त्यातला एकच, फातेमींचा, हवा होता.

19 ऑगस्टला रस्त्यावर पैसे देऊन आणलेल्या टोळ्या उतरल्या, पाठोपाठ लष्कर. ‘बाख्तर-ए-एमरूझ’चं कार्यालय पेटवलं गेलं. फातेमी भूमिगत झाले आणि सहा महिने सापडले नाहीत. 1954 च्या सुरुवातीला उत्तर तेहरानातल्या एका घरात ते पकडले गेले. त्या वेळच्या छायाचित्रांत एरवी तुळतुळीत दाढी करणारा हा माणूस भरघोस दाढीत दिसतो. पोलीस मुख्यालयातून बाहेर आणताना शाबान जाफरी (लोकांच्या तोंडी ‘शाबान बिनडोक्या’) याची टोळी चाकू घेऊन तयार होती. पोलिसांच्या ताब्यातल्या कैद्यावर पोलिसांच्याच दारात वार झाले. बहीण सल्तनत धावत येऊन भावाच्या अंगावर आडवी पडली. बरेचसे घाव तिने झेलले. दोघंही वाचली.

खटला लष्करी न्यायालयात, बंद दाराआड. सोबतचे दोन आरोपी, डॉ. शायेगान आणि रझवी, यांना जन्मठेप झाली. फातेमींना मृत्युदंड. 10 नोव्हेंबर 1954 च्या पहाटे, अंगात ताप असताना, लष्करी छावणीत त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. मोसादेघांना मारून हुतात्मा करणं शहाला परवडणारं नव्हतं. बगदाद-रोमच्या त्या तीन दिवसांचा अपमान मात्र कुणाकडून तरी वसूल करायचा होता.

तारखांकडेही पाहायला हवं. तेलाचा नवा करार शहाच्या सहीने पक्का झाला तो 29 ऑक्टोबर 1954 रोजी, म्हणजे दोनच आठवडे आधी. आता ब्रिटिश कंपनीकडे 40 टक्के, अमेरिकी कंपन्यांकडे 40, शेलकडे 14 आणि फ्रेंचांकडे 6 टक्के हिस्सा. नफा इराणशी निम्मानिम्मा. राष्ट्रीयीकरणाचा कायदा कागदावर तसाच राहिला.

फातेमींना तेहरानजवळ रे इथे इब्न बाबवेह कबरस्तानात पुरलं. जुलै 1952 मध्ये मोसादेघांसाठी रस्त्यावर उतरून मेलेल्यांच्या कबरी तिथेच आहेत. मोसादेघांचीही इच्छा तिथेच पुरलं जाण्याची होती. 1967 मध्ये ती नाकारली गेली आणि इराणमधल्याच अहमदाबाद नावाच्या गावी, घरातच त्यांचं दफन झालं.

आजच्या तेहरानात ‘डॉ. फातेमी’ नावाचा मोठा रस्ता आहे. गृहमंत्रालय त्याच रस्त्यावर. त्यांच्यावर गोळी झाडणाऱ्या पोराचा म्होरक्या नव्वाब सफवी, त्याच्या नावाचा महामार्गही त्याच शहरात आहे. 1979 च्या क्रांतीनंतर शहरातल्या सर्वांत लांब रस्त्याला मोसादेघांचं नाव दिलं होतं. ते थोडेच दिवस टिकलं. त्याला आता वली-ए-अस्र म्हणतात.