रिकामं शहर हाच हुकमाचा पत्ता

2008 साली सिॲटलच्या फेडरल न्यायालयात एक विलक्षण युक्तिवाद झाला. सुपरसॉनिक्स हा शहराचा बास्केटबॉल संघ ओक्लाहोमा सिटीला हलवायला निघालेल्या मालकांनी लेखी म्हणणं दिलं की आम्ही गेलो तरी सिॲटलचं आर्थिक नुकसान होणार नाही. सामन्यांवर खर्च होणारा पैसा लोक शहरातल्याच दुसऱ्या करमणुकीवर खर्च करतील. याच मालकांनी वर्षभर आधी सिॲटलजवळच्या रेंटनमध्ये सुमारे 50 कोटी डॉलरचं नवं स्टेडियम मागितलं होतं आणि त्यातला मोठा वाटा लोकांच्या करातून यावा अशी त्यांची अपेक्षा होती.

शहराच्या बाजूने साक्षीला उभे राहिले अर्थतज्ज्ञ अँड्र्यू झिम्बालिस्ट. स्टेडियममुळे शहरं श्रीमंत होत नाहीत, हे अनेक वर्षं ठासून सांगणाऱ्यांपैकी ते एक. इथे मात्र ते संघाच्या अशा मोलाबद्दल बोलत होते जे पैशात मोजता येत नाही. यामागे कायद्याचं साधं कारण होतं. शहराच्या स्टेडियमचा भाडेकरार 2010 पर्यंतचा होता. मालक उरलेलं भाडं मोजून निघून जायला तयार होते. संघाला इथेच खेळायला लावायचं, तर भरपाईच्या रकमेने हे नुकसान भरून निघणार नाही, असं शहराला सिद्ध करावं लागणार होतं.

मला हा खटला फार महत्त्वाचा वाटतो, कारण संघांच्या स्थलांतराबद्दल एरवी जे बोललं जातं ते इथे खुद्द मालकांनाच बाजूला ठेवावं लागलं. न्यायालयात बोलायची वेळ आली तेव्हा नोकऱ्या, पर्यटन, व्यापार यांचे दावे त्यांनी सोडून दिले.

आणि मालकांचं ते म्हणणं शास्त्रीयदृष्ट्या बरोबरच होतं. अर्थशास्त्रात याला पर्यायी खर्चाचा परिणाम म्हणतात. एका कुटुंबाकडे महिन्याला मौजमजेसाठी ठरावीक रक्कम असते. सामन्याला गेले तर त्या महिन्यात सिनेमा किंवा बाहेरचं जेवण कमी होतं. स्टेडियमच्या गल्ल्यात पडलेला पैसा दिसतो, पण दुसऱ्या दुकानात न पडलेला दिसत नाही. शिवाय स्टेडियममधल्या कमाईचा मोठा हिस्सा मोजके खेळाडू आणि मालक यांच्याकडे जातो, आणि ते तो त्याच शहरात खर्च करतील याची काहीच खात्री नसते.

हे तपासायचं कसं, हा खरा शास्त्रीय प्रश्न. शहरांवर प्रयोग करता येत नाहीत. दहा शहरांना संघ द्या, दहा शहरांचे काढून घ्या, असं कोणी करू देणार नाही. पण कधी कधी परिस्थितीच प्रयोग मांडून देते. डेनिस कोट्स आणि ब्रॅड हम्फ्रीज या अर्थतज्ज्ञांनी अमेरिकन फुटबॉल आणि बेसबॉलमधले संप व टाळेबंदी निवडल्या. तेव्हा सामने अचानक थांबले होते, शहरातलं बाकी सगळं मात्र होतं तसंच होतं. 1969 ते 1996 या काळातल्या 37 महानगरांचं दरडोई उत्पन्न त्यांनी तपासलं. सामने थांबल्याचा उत्पन्नावर काही परिणाम आढळला नाही. बास्केटबॉल संघ सोडून गेलेल्या शहरांमध्येही पुढच्या काही वर्षांत फरक दिसला नाही. त्यानंतरचे बहुसंख्य अभ्यासही याच दिशेने बोट दाखवतात, आणि अर्थशास्त्रासारख्या सतत वाद घालणाऱ्या शास्त्रात इतकं एकमत क्वचितच पाहायला मिळतं.

मग शहरं पैसे का देतात? या प्रश्नाचं उत्तर लीगच्या रचनेत आहे.

युरोपातल्या फुटबॉलमध्ये खालच्या श्रेणीतला संघ जिंकत जिंकत वर चढू शकतो. त्यामुळे मोठ्या शहराला वरच्या श्रेणीचा संघ हवा असेल, तर आहे त्या क्लबला बळ देत राहण्याचा रस्ता मोकळा असतो. अमेरिकेतली एनबीए ही बास्केटबॉलची बंद लीग आहे. संघ किती असावेत, कुठे असावेत आणि कोणाच्या मालकीचे असावेत, हे आधीचे मालक मतदानाने ठरवतात. आपल्याकडे आयपीएलचीही हीच पद्धत आहे, फक्त तिथे दार क्रिकेट मंडळाच्या हातात आहे. 2021 साली लखनौच्या संघासाठी 7,090 कोटी रुपये मोजले गेले ते त्या बंद दारातून आत जाण्यासाठी. पुण्याच्या वाट्याला दोन वेळा संघ आले आणि दोन्ही गेले, पण त्याबद्दल शहराला कोणी विचारलं नाही.

एनबीएत आज 30 संघ आहेत. संघ पोसू शकतील अशी शहरं त्याहून जास्त आहेत. ही तूट लीगने जपलेली आहे, असं म्हणायला पुरेसा आधार आहे. वाटाघाटींच्या शास्त्रात एक मूलभूत निष्कर्ष आहे. टेबलावर कोणाचा जोर चालणार हे बरंचसं यावर ठरतं की बोलणी फिसकटली तर कोणाकडे कोणता दुसरा रस्ता आहे. मालकाकडे दुसरं शहर आहे. शहराकडे दुसरा संघ नाही. म्हणून बाशिंग बांधून बसलेलं एक रिकामं शहर लीगच्या फार कामाचं असतं. तिथे एकही सामना न होता ते बाकीच्या शहरांकडून पैसे काढून देतं.

कॅन्सस सिटीने 2007 साली एक मोठं बंदिस्त स्टेडियम उघडलं, ज्यात कायमचा संघच नव्हता. त्याच सुमारास पिट्सबर्गचा आइस हॉकी संघ नव्या स्टेडियमसाठी अडून बसला होता आणि कॅन्सस सिटीला जाण्याची भाषा करत होता. पिट्सबर्गला स्टेडियम मिळालं. त्याचं बांधकाम सुरू होताना संघाचे सहमालक मारिओ लेमियू यांनी मोकळेपणाने सांगितलं की जाण्याचा विचार नव्हताच, दबाव आणण्यासाठी काही गोष्टी कराव्या लागल्या.

सिॲटलची गोष्ट मात्र दबावापाशी थांबली नाही. 2001 मध्ये स्टारबक्सचे हॉवर्ड शुल्ट्झ यांच्या गटाने संघ सुमारे 20 कोटी डॉलरना घेतला. 2006 मध्ये महिलांच्या स्टॉर्म संघासह तो 35 कोटींना ओक्लाहोमाच्या क्ले बेनेट यांच्या गटाला विकला. त्याच वर्षी सिॲटलच्या मतदारांनी जवळपास तीन चतुर्थांश बहुमताने ठरवलं होतं की क्रीडासंघाला दिलेल्या सार्वजनिक पैशावर शहराला वाजवी परतावा मिळालाच पाहिजे. मला हा निर्णय शहाणपणाचा वाटतो. पण बंद लीगमध्ये एकट्या शहराने शहाणं होण्याची किंमत मोजावी लागते, कारण शेजारी कोणीतरी पैसे द्यायला तयार असतंच.

ओक्लाहोमा सिटी तशी तयार होती. कॅटरिना वादळानंतर न्यू ऑर्लीन्सचा संघ दोन हंगाम तिथे खेळला होता, आणि या छोट्या शहरात स्टेडियम भरतं हे सगळ्यांनी पाहिलं होतं. मार्च 2008 मध्ये तिथल्या मतदारांनी स्टेडियमच्या डागडुजीसाठी विक्रीकर मंजूर केला. एप्रिलमध्ये लीगच्या मालकांनी 28 विरुद्ध 2 मतांनी स्थलांतराला संमती दिली. न्यायालयाचा निकाल यायला काही तास उरले असताना, 2 जुलैला, शहराने 4.5 कोटी डॉलर घेऊन तडजोड केली. सॉनिक्स हे नाव आणि हिरवा-सोनेरी रंग मात्र सिॲटलकडेच राहिले. स्टॉर्म संघ सिॲटलमधल्याच काही महिलांनी आधी विकत घेतला होता. तो राहिला आणि पुढे तीनदा विजेता ठरला. सिॲटलच्या बास्केटबॉलप्रेमाबद्दल बोलताना हे फार कमी वेळा सांगितलं जातं, याचं मला वाईट वाटतं.

एकदा रिकामं झाल्यावर सिॲटल स्वतःच हुकमाचा पत्ता बनलं. 2013 साली सॅक्रामेंटो किंग्ज सिॲटलला नेण्याचा सौदा जवळजवळ ठरला होता. सॅक्रामेंटोचे महापौर केव्हिन जॉन्सन एनबीएचे माजी खेळाडू. त्यांनी नवा खरेदीदार शोधला आणि नव्या स्टेडियमसाठी शहराच्या बाजूने सुमारे 25 कोटी डॉलरचं वचन दिलं. खरेदीदारांच्या गटाचे प्रमुख होते विवेक रणदिवे, मुंबईत जन्मलेले आणि एमआयटीत शिकलेले सॉफ्टवेअर उद्योजक. सिॲटलच्या गटाने बोली वाढवत नेली तरी मालकांनी 22 विरुद्ध 8 मतांनी स्थलांतर नाकारलं. भारतीय वंशाचा माणूस पहिल्यांदाच एनबीए संघाचा मुख्य मालक झाला. ऑक्टोबर 2019 मध्ये वरळीच्या डोममध्ये एनबीएचे भारतातले पहिले सामने झाले, तेव्हा इंडियाना पेसर्ससमोर उतरला तो हाच किंग्ज संघ.

ज्यांनी वरळीत ते सामने पाहिले त्यांच्या आनंदात मीही सामील आहे. पण हिशेब नजरेआड करता येत नाही. जास्त पैसे देणारा गट बाजूला ठेवून लीगने सॅक्रामेंटो निवडलं, तेव्हा लीगला दोन गोष्टी मिळाल्या. सार्वजनिक पैशातून नवं स्टेडियम उभं राहिलं, आणि सिॲटल पुढच्या वाटाघाटींसाठी रिकामं राहिलं.

आता नव्या संघांची चर्चा आहे आणि सिॲटल व लास व्हेगास ही दोन नावं सगळ्यात पुढे आहेत. सध्याच्या मालकांना हे परवडतं का? थोडी आकडेमोड करू. लीगचा नवा प्रक्षेपण करार 11 वर्षांसाठी सुमारे 7,600 कोटी डॉलरचा आहे, म्हणजे वर्षाला सरासरी 690 कोटी. तीस जणांत वाटले तर प्रत्येकी 23 कोटी, बत्तीस जणांत साधारण 21.6 कोटी. खेळाडूंचा वाटा बाजूला ठेवून मी हे फार सोपं करून मांडतो आहे. प्रत्येक जुन्या मालकाचं वर्षाला सुमारे 1.4 कोटी डॉलर नुकसान.

दुसऱ्या पारड्यात प्रवेश शुल्क. 1988 मध्ये ते 3.25 कोटी डॉलर होतं, 1995 मध्ये टोरांटो आणि व्हँकूव्हरसाठी 12.5 कोटी, 2004 मध्ये शार्लटसाठी 30 कोटी. आज समजा दोन नव्या मालकांनी प्रत्येकी 500 कोटी दिले. बॉस्टनचा संघ 2025 मध्ये 600 कोटींवर विकला गेला, तेव्हा ही कल्पना अवास्तव नाही. हे हजार कोटी तिसांत वाटले की प्रत्येकी 33 कोटी, आणि त्यात खेळाडूंना वाटा नसतो. पाच टक्के परताव्याने ते गुंतवले तर वर्षाला 1.65 कोटी मिळतात, म्हणजे नुकसानीपेक्षा जास्त. मग इतकी वर्षं घाई का झाली नाही? कारण प्रक्षेपणाची रक्कम दर कराराला फुगत आली आहे. शुल्क एकदाच मिळतं, वाटेकरी कायमचे होतात. आणि दोन्ही उत्तम रिकामी शहरं एका फटक्यात खर्ची पडतात.

सिॲटलने दरम्यान जुन्या स्टेडियमचं जे केलं ते स्थापत्यशास्त्रातलं एक नवल आहे. 1962 च्या जागतिक प्रदर्शनासाठी बांधलेलं त्याचं छप्पर वारसा म्हणून जपायचं होतं. सुमारे दोन कोटी किलो वजनाचं ते छप्पर तात्पुरत्या आधारांवर तोललं, जुनी इमारत त्याखालून काढून टाकली, जमीन आणखी खोल खणली आणि त्या छपराखाली नवं स्टेडियम बांधलं. 2021 मध्ये ते उघडलं. शंभर कोटी डॉलरहून अधिक खर्च आला आणि तो खासगी गुंतवणूकदारांनी केला. म्हणजे 2007 साली मालक जे करातून मागत होते, ते खासगी पैशात होऊ शकत होतं.

तरीही संघ ही निव्वळ फुकाची हौस आहे असं मी म्हणणार नाही. 1979 चं अजिंक्यपद सिॲटलच्या एका पिढीला आजही आठवतं, आणि ज्याने कधी तिकीट काढलं नाही त्यालाही त्या आठवणीत वाटा आहे. हे मोल मोजण्याचीही पद्धत आहे. संघ राहावा म्हणून वर्षाला किती कर जास्त द्याल, असं घराघरांतून विचारलं जातं. पिट्सबर्गच्या हॉकी संघाबद्दल असं विचारलं तेव्हा उत्तर शून्य आलं नाही, पण स्टेडियमच्या खर्चापेक्षा ते बरंच कमी भरलं. सार्वजनिक पैसा द्यायचाच असेल तर या प्रेमाच्या नावाने, मतदारांना तसं सांगून आणि तेवढाच द्यावा. खोट्या रोजगाराच्या आकड्यांवर तो मागणं ही फसवणूक आहे.

ओक्लाहोमा सिटीत डिसेंबर 2023 मध्ये पुन्हा मतदान झालं. 2002 मध्ये उघडलेलं स्टेडियम आता लीगच्या दृष्टीने लहान आणि जुनं ठरलं होतं. किमान 90 कोटी डॉलरच्या नव्या इमारतीसाठी एक टक्का विक्रीकर प्रस्तावित होता, मालकांचा वाटा 5 कोटी, आणि बदल्यात संघ 2050 पर्यंत शहरात राहण्याची हमी. सत्तर टक्क्यांहून अधिक लोकांनी होकार दिला. दीड वर्षाने, 2025 मध्ये, त्यांचा थंडर संघ, म्हणजे सिॲटलहून आलेला तोच संघ, अजिंक्य ठरला.